चांदणीचं पोट: उदगीर भागातल्या एका वरातीच्या घोडीचं प्रकरण

नुकरा, म्हणजे पांढरी घोडी, नाव चांदणी. दातांवरून वय अकराच्या आसपास. छातीचा घेर १६३ सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५५. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,९०० हे सूत्र लावलं की वजन साधारण ३४६ किलो येतं. ही नोंद आधी देतो, कारण पुढचा सगळा हिशेब, औषधाचाही आणि कडब्याचाही, या वजनावरच उभा आहे.

मालक उदगीर तालुक्यातल्या एका मोठ्या गावचे. वय सत्तरीच्या पुढे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही तेच म्हणतो. घोड्यांवर जगणारी ही तिसरी पिढी आणि नातू धरला तर चौथी उंबरठ्यावर. घरी त्या वेळी दोन जनावरं होती: लग्नाला जाणारी चांदणी आणि बग्गीला जुंपायचा एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा घोडा. हे प्रकरण मुख्यतः चांदणीचं आहे.

तक्रार आणि तपासणी

मेच्या मध्यावर लग्नतिथींना खंड पडला होता. घोडी आठ-दहा दिवस पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. नातवाचा फोन आला: "डॉक्टरसाहेब, चांदणी लोळलालीय. सारखं पोटाकडं वळून बघलालीय." एवढ्यावर निदानाचं अर्धं काम झालं. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, कुशीकडे बघतो, उठबस करतो, तेव्हा पोटशूळ गृहीत धरूनच निघायचं असतं. मी पोचेपर्यंत वैरण समोर ठेवू नका आणि बाटलीने तोंडातून काहीही पाजू नका, असं सांगितलं. दुसरी सूचना वेळेवर गेली; शेजारच्या घरातून गोडेतेलाची बाटली आलेलीच होती. म्हशीला चालतं ते घोड्याला चालेल असं गावात सगळ्यांनाच वाटतं. तेल श्वासनळीत उतरलं तर पोटशूळ बरा होऊनही जनावर न्यूमोनियाने जातं.

नाडी मिनिटाला ५६ लागली. शांत उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते. हिरड्या कोरड्या. डाव्या कुशीच्या खालच्या भागाला कान लावला तर आवाज जवळजवळ नाही. लीद आदल्या संध्याकाळपासून नव्हती. शेवटची पडली ती लहान, कडक आणि वरून चिकट. गुदमार्गातून हात घालून पाहिलं तेव्हा मोठं आतडं जिथे वळून एकदम अरुंद होतं, तिथे मळलेल्या कणकेसारखा घट्ट गोळा हाताला लागला. पीळ नव्हता. नाकातून जठरात नळी घातली, उलटं काही आलं नाही. म्हणजे लहान आतडं मोकळं, आणि तुंबा फक्त मोठ्या आतड्यात.

घोड्याचं पोट ही निसर्गाने थोडी घाईतच केलेली रचना असावी, असं माझं मत आहे. जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. उलटी करता येत नाही. गाय चारा आधी कुजवते, मग रवंथ करून पुन्हा चावते. घोडा एकदाच चावतो आणि कुजवण्याचं काम अगदी शेवटी, मोठ्या आतड्यात होतं. तिथे चारा जाडाभरडा आणि कोरडा पोचला, पाणी कमी पडलं, चालणं बंद झालं, की गाडं अडलंच.

नळीतून कोमट पाणी आणि लिक्विड पॅराफिन दिलं, शिरेतून सलाईन लावलं, कळ थांबायला फ्लुनिक्सिन दिलं. घरच्यांशी आधीच बोलून ठेवलं होतं: नाडी साठच्या वर गेली, किंवा इंजेक्शन देऊनही कळ परत आली, तर वाट न बघता उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं. पिकअप दारात उभी केली. गाडीची गरज लागली नाही. रात्रभर सावकाश फिरवणं, पुन्हा नळी, पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलकट लीद पडली. दुपारपर्यंत चांदणी गव्हाणीकडे मान टाकायला लागली. भिजवलेला थोडा चारा सोडून तिला तिसऱ्या दिवसापर्यंत काही दिलं नाही, आणि त्यावरून घरातल्या बायकांनी मला बरंच ऐकवलं.

कडबा कुठे गेला

आजार बरा झाला. पण मुळात तो झाला कशामुळे, हे बघितलं नसतं तर पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला असता.

गव्हाणीत सोयाबीनचं भुसकट होतं, आमच्याकडची गुळी. लातूर-उदगीर पट्ट्यात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली त्याला आता बरीच वर्षं झाली. माणसाच्या ताटातली भाकरी टिकली, बाजारातून ज्वारी आणता येते; जनावराच्या गव्हाणीतला कडबा मात्र शेताबरोबर गेला. ३४६ किलोच्या घोडीला वजनाच्या दोन टक्के धरले तरी दिवसाला सात किलो कोरडा चारा लागतो, वर्षाला अडीच टन. चाचांकडे शेती नाही. कडबा शेकड्याने विकत घ्यावा लागतो, आणि ते घेत होते उन्हाळा लागल्यावर, भाव चढल्यावर, लागेल तसा. एप्रिलअखेर कडबा परवडेना, तेव्हा फुकट मिळणारी गुळी सुरू झाली. तिच्यातल्या शेंगांच्या टरफलांत आणि काड्यांच्या तुकड्यांत लाकडासारखा कठीण भाग जास्त. गाय-म्हैस ती मिसळून खाते आणि निभावते. घोड्याला हळूहळू सवय केली, भिजवून थोडी दिली तर गोष्ट वेगळी. एकदम पोटभर कोरडी गुळी म्हणजे तुंब्याला आमंत्रण.

दुसरं कारण तोंडात सापडलं. गव्हाणीखाली अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे ओले बोळे पडलेले होते. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चावण्याने झिजतात. झीज सारखी झाली नाही तर वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्या दाढांना जिभेकडून धारदार कडा येतात. चांदणीच्या गालाच्या आतून जखमा होत्या. चावताना दुखतं, म्हणून घास नीट चावला जात नव्हता. दाढा कानशीने घासायला अर्धा तास लागतो. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या तोंडात कोणी हात घातला नव्हता. घातला होता तो फक्त वय बघून किंमत करणाऱ्यांनी.

तिसरं कारण पाणी. काळी प्लास्टिकची टाकी उन्हात. दुपारी बोट घालवत नव्हतं इतकं ते तापायचं. दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त प्यायला हवं असलेलं जनावर तोंड लावून मागे सरायचं. मीठ तर कोणी देतच नव्हतं. घोड्याच्या घामातून मीठ भरपूर जातं. रोज तीस-पन्नास ग्रॅम साधं मीठ दाण्यात टाकलं की तहान आपोआप लागते.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण पाऊस पडला की हा प्रश्न येतोच: मग हिरवी ज्वारी कापून घालावी का? कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घोड्याला सतत हिरवी ज्वारी घातली तर वेगळंच होतं. मूत्राशयाची ताकद जाते, लघवी थेंब थेंब गळत राहते, मागचे पाय लटपटतात. वाळलेला कडबा चालतो, हिरवी ज्वारी घोड्याला नको.

टांगा, बग्गी, वरात

चाचांच्या वडिलांचा टांगा उदगीर स्टेशनवर असायचा. सकाळची गाडी, दुपारची गाडी, मधे बाजारचं भाडं. घोडा दिवसभर चालायचा, मधल्या वेळेत तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातून चंदी, म्हणजे दाणा खायचा, रात्री अंगाला खरारा व्हायचा. त्या काळाचं मला कौतुक करायचं नाही. खांदे सोललेले, गुडघे फुटलेले, पाय डागलेले घोडे तेव्हाही होतेच, आणि म्हातारं जनावर शेवटच्या दिवसापर्यंत जुंपलं जायचं. पण तो घोडा रोज पैसे आणायचा, म्हणून रोज त्याच्या पोटाकडे कोणीतरी बघायचं.

रिक्षा आल्या आणि ते संपलं. गावोगाव हेच झालं. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने बंद झाल्या, आमच्याकडचे टांगे कोणी बंद केले नाहीत, ते भाडं न मिळून उभे राहिले. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टू होते. २०१९ मध्ये ३ लाख ४२ हजार. सात वर्षांत ४५ टक्क्यांवर घट. गाढवांची त्याहून मोठी, ६१ टक्के. ज्या उदगीरला १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या घोडदळाने निजामाला नमवलं, तिथे आज नाल ठोकणारा माणूस शोधायला दुसरा जिल्हा गाठावा लागतो.

चाचांनी टांगा विकून बग्गी केली आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आधी कुमैत, मग चांदणी आणली. पांढरी घोडी म्हणजे वरातीला हुकमी मागणी. तिची मिळकत रोजची राहिली नाही, तिथीची झाली. तुळशीच्या लग्नापासून आषाढाच्या तोंडापर्यंत मोसम, त्यातही मधे खंड. मग चातुर्मासाचे चार महिने रिकामे. मिळकत मूठभर रात्रींची आणि पोट तीनशे पासष्ट दिवसांचं. घोडं पेंड खातं ते इथे. टांग्याच्या घोड्याला काम मारायचं, वरातीच्या घोडीला बसणं मारतं. आठ-दहा दिवस जागेवर उभी, मग एका रात्रीत तीन-चार तास पाण्याविना, दिव्यांच्या झगमगाटात आणि आवाजात, पुन्हा जागेवर. खूर वाढतात, सांधे आखडतात, आतडी मंदावतात, आणि कंटाळून घोडी दावणीचं लाकूड चघळायला लागते. चांदणीच्या खुंटाला दातांच्या खाचा होत्या.

याच भागात मेंढपाळांची तट्टं दरवर्षी जातात. अंगाने किरकोळ, केस विस्कटलेले, पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि वर एखादं पोर. रोज चालतात, वाटेत जे मिळेल ते दिवसभर थोडं थोडं चरतात. पोटशूळासाठी मला त्यांच्या पालावर क्वचितच जावं लागतं. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली, ती अशाच भटक्या मेंढपाळांनी जपलेली जात आहे. दुसऱ्या टोकाला प्लॉटिंगच्या पैशातून मारवाडी घोडा घेणारे हौशी मालक. तिथे चालणं नाही आणि दाणा मात्र बादलीने. तिथे मला बोलावतात ते पाय धरल्यावर: अति दाण्याने खुराच्या आतला भाग सुजतो, घोडा पुढचे पाय लांब टाकून मागच्यांवर भार घेतो. त्या मालकांकडे पैसा आहे, व्हिडिओ काढायला माणूस आहे, घोडा फिरवायला नाही.

नांदेडला हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यातही घोडे आहेत. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले म्हणून त्यांचा मान आहे. दसरा-होळीच्या मिरवणुकीत ते निघतात. वर्षातलं काम थोडंच, पण पोटाची जबाबदारी संस्थेने बारमाही घेतली आहे. चाचांच्या मागे अशी संस्था नाही.

लगाम आणि डीजे

तोंड तपासताना ओठांच्या कोपऱ्यात जुने, पांढरे पडलेले व्रण दिसले. लगामाची कडी आतून काटेरी होती. असा लगाम वापरायला, जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे. त्याच नियमांत तापमान ३७ अंशांवर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जनावर गाडीला किंवा ओझ्याला लावायचं नाही, असंही आहे. आमच्याकडे मार्चपासूनच पारा त्यावर जातो. दोन्ही नियम वरातीच्या धंद्यात कोणाच्या गावी नाहीत.

चाचांना मी कायदा सांगितला. त्यांनी मला डीजे सांगितला. "डॉक्टरसाब, मागं छाती फाटायचा आवाज, म्होरं फटाके, वर नवरदेव. घोडी उधळली तर पोरं तुडवली जातील. साध्या लगामानं धरू कशी?" प्रश्न खोटा नव्हता. घोड्याला आपल्यापेक्षा वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात आणि भीती वाटली की पळणं हाच त्याचा पहिला उपाय. काटेरी लगाम भीती घालवत नाही, भीतीत वेदना मिसळतो; पण ज्याच्या हातात दोरी आहे त्याला दुसरं साधन दिल्याशिवाय पहिलं काढून घेता येत नाही.

म्हणून लगामाऐवजी आम्ही बुकिंगच्या पावतीपासून सुरुवात केली. नातवाने पावतीवर चार अटी छापून घेतल्या: डीजेची गाडी घोडीपासून निदान दोन बसच्या लांबीइतकी मागे, घोडीपुढे फटाके नाहीत, दर अर्ध्या तासाला पाणी, आणि नवरदेवाबरोबर दुसरं कोणी पाठीवर बसणार नाही. शेवटच्या अटीमागे वजनाचा हिशेब आहे. घोड्याने पाठीवर स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्के भार घ्यावा. चांदणीला तो ५२ ते ६९ किलो होतो, खोगीर आणि जरीची झूल धरून. आता नवरदेवाला वजन कसं विचारायचं? चाचांनी उपाय काढला: तब्येतीचा नवरदेव दिसला की बग्गी घ्या म्हणायचं, "घोडीपेक्षा बग्गीत फोटो चांगले येतात."

दोन गिऱ्हाइकं अटी बघून परत गेली. बाकीच्यांनी वाचल्याच नाहीत, पण वरातीत पावती दाखवल्यावर ऐकलं. घरी आणि लहान मिरवणुकीला साधा लगाम सुरू झाला. मोठ्या वरातीला काटेरी अजूनही पिशवीत असतो. ते मला मान्य नाही, आणि चाचांना हे ठाऊक आहे.

हिसारला गेलेलं रक्त

मार्गशीर्षात नातवाला चांदणीला माळेगावला न्यायचं होतं, विकायला नव्हे, दुसरी घोडी जोडीला उभी करून बघायला. शेकडो घोडे, गाढवं, उंट एका माळावर, एकाच हौदावर पाणी. जाण्याआधी ग्लँडर्सची तपासणी करून घ्या म्हटलं, तर चाचा गप्प झाले. मग म्हणाले, "रगत दिलं आन् तिकडून काय लिहून आलं तर?"

भीती रास्त होती. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्यातून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याखाली बाधित जनावराला वेदनारहित मरण द्यावं लागतं. नुकसानभरपाई आहे, पण ती घोडीच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. या कारणाने लोक रक्त द्यायचं टाळतात, आणि टाळल्याने रोग लपतो. मी चाचांना एवढंच विचारलं, की तिच्या नाकाजवळ रोज तोंड कोण नेतं. नातवाची पाच वर्षांची मुलगी रोज चांदणीला गूळ भरवते. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला, अहवाल निगेटिव्ह आला. धनुर्वाताची लसही त्याच वेळी टोचून घेतली. घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक पाळीव जनावर दुसरं नाही आणि नालेचे खिळे, पत्र्याचे कोपरे तर रोजचेच.

ठरलं काय, झालं काय

सगळ्यात मोठा बदल कडब्याच्या खरेदीत झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारी निघते तेव्हा भाव उतरलेला असतो. त्या वेळी वर्षाचा कडबा एकदम घ्यायचा. त्याला रोख पैसा हवा आणि साठवायला जागा. रोख पैसा कुमैत विकून उभा राहिला. हा निर्णय चाचांचा, आणि तो त्यांना जड गेला. घोडा चौदा वर्षांचा होता, कमी पैशात पण ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेला, तिथे तो हलक्या गाडीला चालतो. बग्गीला आता गरज पडेल तसा भाड्याचा घोडा आणतात.

चारा दिवसातून दोनदा ढिगाने घालण्याऐवजी चार-पाच वेळा थोडा थोडा, रात्रीसाठी जाळीच्या पिशवीत. पाण्याची टाकी लिंबाच्या सावलीत गेली. रोज पहाटे नातू किंवा त्याची बायको घोडीला तळ्यापर्यंत चालवून आणते. पहिल्यांदा नातसून दोरी धरून निघाली तेव्हा गावात चर्चा झाली, आता होत नाही. चातुर्मासात शनिवार-रविवारी उदगीरच्या एका मैदानावर मुलांना घोड्यावर बसवायचं काम नातवाने सुरू केलंय. पैसे फार नाहीत, पण घोडीचा त्या दिवसाचा चारा सुटतो आणि मुख्य म्हणजे ती चालते. गुलाबी कातडीच्या नाकाला उन्हाने चट्टे पडायचे, म्हणून मुलांची वेळ सकाळी नऊच्या आत.

पुढच्या उन्हाळ्यात पोटशूळ झाला नाही. एका उन्हाळ्यावरून मी फार काही म्हणणार नाही. पण लीद मऊ आहे, बोळे पडत नाहीत, खुंट चघळणं कमी झालंय. खुरांचं मात्र अडलेलं आहे. सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बदलायला हवी आणि नालबंद येतो तीन-तीन महिन्यांनी, तेही दुसरीकडची चार जनावरं जमली तर. नातू खूर तासायला शिकलाय, नाल ठोकायला त्याचा हात अजून धजत नाही.

दुसरी घोडी घ्यायची की नाही, यावर घरात एकमत नाही. नातवाने माळेगावात एक पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली घोडी हेरून ठेवली होती, तिचे व्हिडिओ अजून मोबाइलमध्ये आहेत. चाचा म्हणतात, आधी तिचा अडीच टन कडबा कुठं ठेवतोस ते दाखव.